गळ्यालाही टेप लावा : मराठवाड्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली

विषय : तिशीपुढच्या तपासणीत घोरण्याचे प्रश्न आणि गळ्याचे माप घेण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगरची तपासणी आपल्या आठही जिल्ह्यांत चालू आहे. आशाताई घरोघर जाऊन सीबॅकचा, म्हणजे आजारांचा धोका ओळखायच्या प्रश्नावलीचा, फॉर्म भरते. वय, तंबाखू, दारू, अंगमेहनत, आई-वडिलांना बीपी-शुगर होती का, हे विचारते आणि कमरेला टेप लावते. फॉर्मच्या पुढच्या भागात खोकला, फिट, तोंड उघडायला त्रास अशी लक्षणेही आहेत. घोरण्याचा प्रश्न मात्र कुठेच नाही. त्यामुळे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे झोपेतला श्वासरोध, तिथे सुटतो.

आमची मागणी छोटी आहे. कमरेवरून काढलेला तोच टेप गळ्याला लावा आणि घोरण्याबद्दल तीन प्रश्न विचारा. ते का, कसे आणि त्यातून जो रुग्ण सापडेल त्याचे पुढे काय करायचे, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. पत्र लांबले आहे, कारण अडचण प्रश्न विचारण्यात नाही, पुढे काय करायचे त्यात आहे.

आधी घशात काय होते ते. जागेपणी घशाचे स्नायू ताणलेले असतात. झोप लागली की ते सैल पडतात. मऊ टाळू, पडजीभ आणि जिभेचा बुंधा मागे सरकतो. उताणे झोपले की जास्तच. वाट अरुंद झाली की त्यातून जाणारी हवा या मऊ भागांना फडफडवते, ते घोरणे. वाट आणखी आवळली की बंदच पडते. शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळते : मोटारीच्या सक्शनला कोणी लपेटा पाइप लावत नाही, कारण ओढ बसली की तो आतल्या आत चिकटतो. श्वास आत घेणे म्हणजे ओढच, आणि झोपेतला सैल घसा त्या पाइपसारखा चिकटतो. छाती आणि पोट ओढ घेतच राहतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, स्नायू ताणले जातात, मोठा हिसका देऊन श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही.

असा श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर एक अडथळा मोजतात. हवा पूर्ण बंद न होता बरीच कमी झाली आणि ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तर तोही मोजतात. दोन्हींची तासाची सरासरी म्हणजे एएचआय. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा, सहा तासांच्या झोपेत १८० वेळा. तीव्र गटातल्या कित्येकांचा आकडा ६०-७० च्या पुढे असतो, आणि तो माणूस ओपीडीत येऊन सांगतो, 'झोप एकदम डाराडूर लागते बघा, पडलो की गेलो.' पडल्या पडल्या झोप लागणे हे अशा वेळी तब्येतीचे नाही, थकव्याचे लक्षण असते.

घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असे नाही. घोरणारे पुष्कळ, त्यांतले थोडे आजारी. पण ते थोडेही कमी नाहीत. भारतातल्या अभ्यासांचा दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात प्रौढांमधले प्रमाण सुमारे ११ टक्के निघाले, पुरुषांत १३ आणि स्त्रियांत ५.

आता हे आपल्या बीपी-शुगरच्या टेबलावरच का आणायचे? कारण हे रुग्ण तिथेच आलेले आहेत, दुसऱ्या नावाने. लघवी वाढवणाऱ्या गोळीसह बीपीच्या तीन गोळ्या पुरेशा डोसमध्ये चालू असूनही ज्याचे बीपी उतरत नाही, त्याला झोपेतला श्वासरोध असण्याची शक्यता इतकी मोठी आहे की चौथी गोळी लिहिण्याआधी घोरण्याचे विचारलेच पाहिजे. श्वास अडकला की दरवेळी अ‍ॅड्रेनालिन उसळते, रक्तवाहिन्या आवळतात, आणि रात्री जे बीपी उतरायला हवे ते उतरत नाही. सकाळी डोके जड, तोंड कोरडे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणेही यातलेच : बंद घशाविरुद्ध छाती ओढ घेते, हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो, तिथून एएनपी नावाचे संप्रेरक सुटते आणि मूत्रपिंड जास्त लघवी तयार करते. अशा माणसाला पन्नाशीत प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू होतात, मधुमेही असेल तर शुगरवर खापर फुटते. शुगर तर खरेच बिघडते, कारण झोपेची तोडमोड आणि ऑक्सिजनचे चढउतार इन्सुलिनचे काम अवघड करतात. हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि पक्षाघात यांच्याशीही या आजाराचा संबंध आहे.

प्रश्न कसे विचारायचे, यावर सगळे अवलंबून आहे. 'तुम्ही घोरता का?' हा प्रश्न झोपणाऱ्याला विचारून उपयोग नाही. तो हसतो किंवा नाही म्हणतो. शेजारी झोपणाऱ्याला विचारा. आवाज किती मोठा यापेक्षा आवाज मध्येच बंद पडतो का, हे महत्त्वाचे. बाईला सरळ तिच्या बोलीत विचारले की उत्तर लगेच मिळते : 'मालक झोपंत घोरता घोरता मधीच गप होतेत का? मग एकदम हिसका देऊन श्वास घेतेत का?' ज्या घरात हे घडते त्या घरातली बाई पुढचे स्वतःहून सांगते, नवऱ्याला हलवून जागे करायची सवय लागल्याचेही सांगते. दुसरा प्रश्न दिवसाच्या झोपेचा : बसल्या बसल्या, कीर्तनात, एसटीत, जेवण झाल्यावर डोळा लागतो का? तिसरा : गाडी, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवताना पेंग येते का?

यात आपल्याकडची एक मेख आहे. शेजारी झोपणारे माणूस बऱ्याच घरांत नसतेच. पुरुष ओसरीवर किंवा माळवदावर, बाई लेकरांना घेऊन आत, आणि हंगामात गडी जागलीला शेतात. अशा वेळी मोबाइल कामाला येतो. तो उशापासून हातभर अंतरावर उपडा ठेवायचा, आवाजाचे रेकॉर्डिंग लावायचे, आणि शक्यतो पहाटेचा तास ऐकायचा. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वास सर्वांत जास्त अडकतो. संध्याकाळी डोळा लागल्या लागल्या केलेल्या रेकॉर्डिंगवर 'काही नाही' असा निकाल देऊ नये.

दुसरी मेख रब्बीची. शेतीची लाइट रात्रपाळीत असली की माणूस बाराला उठून बारे देतो आणि पाचला येऊन पडतो. त्याला दिवसा पेंग येणारच, तो आजार नाही, ती झोपेची उधारी आहे. म्हणून दिवसाची झोप विचारताना रात्री किती तास झोपायला मिळते तेही विचारा. सलग आठ-दहा दिवस सात तास झोपून पेंग जात नसेल तर पुढे बघायचे.

बायकांचे वेगळे. 'बाई घोरते' हे घरात कोणी बोलत नाही आणि ती स्वतः तर नाहीच. त्या थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे, चिडचिड सांगतात. त्यांना लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक मिळते. पाळी गेल्यानंतर बाईचा धोका वाढतो. थायरॉइड कमी असेल तर आणखी. थकव्याची तक्रार असलेल्या, बीपी असलेल्या पन्नाशीच्या बाईला घोरण्याचे विचारलेच पाहिजे, आणि ते तिच्या सुनेसमोर विचारू नये.

गळ्याचे माप : रुग्ण उभा, नजर सरळ, कंठमण्याच्या लगेच खाली टेप आडवा, त्वचेला टेकलेला पण न रुतणारा. ४० सेंटिमीटरच्या वर गेला तर एक गुण. टेप नसेल तर शर्टाच्या कॉलरचा नंबर विचारा. १६ म्हणजे ४० च्या थोडे पुढे. हा ४० चा आकडा टोरंटोच्या फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेल्या स्टॉप-बँग प्रश्नावलीतला आहे. ती मुळात ऑपरेशनपूर्वी भूल देणाऱ्यांसाठी केलेली होती. आठ मुद्दे : मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलेले असणे, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळा, आणि पुरुष असणे. ० ते २ कमी धोका, ३-४ मध्यम, ५ आणि पुढे जास्त.

यात दोन दुरुस्त्या सुचवतो. बीएमआयची ३५ ही मर्यादा आपल्याकडे उपयोगाची नाही. आपल्या लोकांना पोटावर आणि गळ्यावर चरबी कमी वजनातच येते. ३० धरा. आणि हनुवटी मागे असलेला सडपातळ माणूसही तीव्र गटात सापडतो, त्याला वजनावरून वगळू नका. दुसरी दुरुस्ती मोजदादीची. पन्नाशीपुढचा बीपी असलेला कोणताही पुरुष न घोरताच तीन गुणांवर पोचतो. तीन गुणांवर सगळ्यांना तालुक्याला धाडले तर पहिल्याच महिन्यात रांग लागेल आणि कार्यक्रम बंद पडेल. म्हणून ५ आणि पुढचे सगळे पाठवा. ३-४ वाले तेव्हाच पाठवा, जेव्हा दिवसा पेंग येते, किंवा तीन गोळ्यांवर बीपी उतरत नाही, किंवा माणूस वाहन चालवतो.

पुढची पायरी मशीनवरची तपासणी. इथे सर्वांत जास्त घोळ होतो. कोविडनंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रत्येक उपकेंद्रात आहे; दिवसा लावला, ९८ आला, 'ऑक्सिजन चांगला आहे' म्हणून रुग्ण परत गेला. जागेपणीच्या ९८ ला इथे काही अर्थ नाही. साधा ऑक्सिमीटर आकडा दाखवतो, साठवत नाही. हवा आहे तो रात्रभर दर काही सेकंदांना नोंद ठेवणारा, मनगटावर बांधायचा. त्याचा आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली दिसला तर पुढची तपासणी लांबवायची नाही. तालुक्याला असे दोन रेकॉर्डर असले तरी बरेच काम निघेल.

त्याच्या वरची म्हणजे घरी करायची झोपतपासणी : नाकाला हवेची नळी, छातीला आणि पोटाला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. रुग्ण संध्याकाळी यंत्र घेऊन जातो, सकाळी परत आणतो. बिघडते ते ठरलेल्या जागी. नाकाची नळी पहाटे निसटते, म्हणून ती दोन्ही गालांवर चिकटपट्टीने धरायची. मेहंदी किंवा नेलपॉलिश असेल तर बोट बदलायचे. निदान चार तासांची स्वच्छ नोंद लागते, नाही तर रात्र वाया. आणि हे यंत्र मेंदूच्या लहरी मोजत नाही, त्यामुळे माणूस दोन तास जागा लोळत होता हे त्याला कळत नाही. अडथळे पूर्ण रेकॉर्डिंगच्या तासांनी भागले जातात आणि आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. म्हणून लक्षणे ठसठशीत असताना घरची तपासणी नॉर्मल आली तर विषय संपवू नका, प्रयोगशाळेतली पूर्ण तपासणी करा. हृदयाचे पंप कमजोर असलेले, पक्षाघात झालेले आणि दम्याचा-सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद होण्याच्या फुप्फुसविकाराचा) जुना त्रास असलेले यांना थेट प्रयोगशाळेतच पाठवा.

उपचारात पहिले नाव सीपॅपचे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेली पद्धत आजही तीच आहे : मास्कमधून सौम्य दाबाने हवा सोडायची, म्हणजे घसा आतून उघडा राहतो. मशीन ऑक्सिजन देत नाही, खोलीतलीच हवा देते. दाब ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका. १० सेंटिमीटर म्हणजे मोटारसायकलच्या टायरमधल्या दाबाचा साधारण दोनशेवा भाग. 'फुप्फुस फुटेल' ही भीती घरच्यांना हमखास असते, तेव्हा हा हिशोब सांगावा.

मशीन विकत घेऊन माळ्यावर टाकलेली माणसे पुष्कळ. दोष बहुतेकदा मास्कचा असतो. मास्क उभ्याने बसवून पाहतात, तो आडवे झाल्यावर सुटतो. रुग्णाला झोपवून, मशीन चालू ठेवून, दाब असताना पट्टे जुळवा. पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतके सैल. गळते म्हणून पट्टा आवळला की मास्कची सिलिकॉनची उशी चेपते, गळती आणखी वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते. भरघोस मिशी आणि दाढी असलेल्याला नाकपुडीत टेकणारा छोटा मास्क बरा. आपल्याकडच्या मिशा कोणी मास्कसाठी उतरवणार नाही, त्यांना तसे सांगूही नये. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याला तोंड-नाक झाकणारा मोठा मास्क. नाक चोंदलेले असेल तर आधी नाकाचा उपचार. पहिले चार-पाच दिवस दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचे, मग रात्री. पहिल्या आठवड्याची सवय पुढे टिकते, म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी आरोग्य मंदिराच्या सीएचओने (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने) फोन करावा. हे दोन फोन कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त कामाचे आहेत.

आता आपल्या भागातल्या अडचणी, ज्या मशीनच्या पुस्तकात नसतात. लाइट जाते. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा पाण्याचा डबा) बंद ठेवला तर मशीन साधारण ३० वॉट घेते, म्हणजे आठ तासांना २४० वॉट-तास. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी १२ व्होल्टवर १८०० वॉट-तासांची असते, तिचा निम्मा भाग धरला तरी रात्र सहज निघते. ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू असेल तर खर्च ८०-९० वॉटपर्यंत जातो, म्हणून बॅकअपच्या रात्री ते बंद. इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्ह असावा. डीपीवर लाइट येताना जो झटका बसतो त्यासाठी स्पाइक गार्ड लावा. शेतात झोपायला जाणाऱ्याला ट्रॅक्टरच्या बॅटरीला थेट वायर जोडायचा मोह होतो. तसे करू नये, मशीनच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टरच वापरावा. मध्यरात्री मशीन बंद पडले तर माणूस गुदमरत नाही, मास्कला हवा सुटायची छिद्रे असतात आणि मोठ्या मास्कची झडप आपोआप उघडते. तरी जाग आली की मास्क काढून ठेवावा.

पाणी. आपल्या बोअरच्या पाण्याने ह्युमिडिफायरच्या डब्यात महिन्याभरात पांढरा थर बसतो. मेडिकलवर मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्या, गॅरेजवरचा बॅटरीच्या पाण्याचा कॅन नको. रोज सकाळी उरलेले पाणी फेकून डबा उपडा घाला. मास्कची उशी रोज साध्या साबणाने धुवायची, डेटॉल-स्पिरिट लावायचे नाही, सिलिकॉन तडकते. मे महिन्यात धुळीने आणि जिनिंगच्या गावांत सरकी-कापसाच्या तंतूंनी फिल्टर दहा दिवसांत काळा पडतो. आठवड्याला उघडून बघा. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो, तेव्हा मशीन खाटेपेक्षा खाली ठेवा. माळवदावर झोपताना मशीन दव पडेल अशा जागी नको.

आकडे मशीनमध्येच साठतात : वापराचे तास, गळती, मशीन लावूनही उरलेला एएचआय. उरलेला ५ च्या खाली आणि रोजचा वापर चार तासांच्या वर, तोही दहातल्या सात रात्री, ही किमान रेघ. सहा-सात तास वापरला तर फायदा नीट दिसतो. २०१६ साली हृदयरोग किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २७१७ रुग्णांवर झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत सीपॅपने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातला सरासरी वापर रात्री ३.३ तासांचाच होता, आणि दिवसाची पेंग कमी झाली ती झालीच. बीपीही सरासरीने दोन-तीन अंकच उतरते. तेव्हा मशीन आले म्हणून बीपीची गोळी बंद करू देऊ नका.

मशीन सगळ्यांना लागते असे नाही. फक्त उताणे झोपल्यावर श्वास अडकणाऱ्याला कुशीवर झोपवले तरी आकडा निम्म्याने उतरू शकतो. बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवायची जुनी युक्ती स्वस्त आहे. वजन १० टक्क्यांनी उतरले तर एएचआय साधारण पाव भागाने कमी होतो. संध्याकाळची दारू बंद केली की त्याच रात्री फरक दिसतो. सौम्य आणि मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारे साधन दंतवैद्य करून देतात. पण इथे गुटखा आडवा येतो. सबम्युकस फायब्रोसिसने (तोंडाचे आतले अस्तर ताठर होण्याच्या आजाराने) ज्याचे तोंड दोन बोटेच उघडते, त्याच्या तोंडात हे साधन बसत नाही. त्याचे टाळू ताठर, घसा अरुंद, आणि ऑपरेशनची वेळ आली तर श्वासनळीत नळी घालणेही जिकिरीचे. आपल्या फॉर्ममध्ये 'तोंड उघडायला त्रास' हा प्रश्न आहेच. त्याला हो म्हणणाऱ्याला त्याच वेळी घोरण्याचे विचारा. नाकाचे हाड सरळ करून किंवा लेझरने टाळू जाळून 'घोरणे कायमचे बंद' अशा जाहिराती शहरांत दिसतात. नाकाच्या ऑपरेशनने मास्क सोपा जातो, श्वासरोध सहसा जात नाही. आणि आवाज बंद होऊन श्वास अडकतच राहिला तर आजाराची सहज लक्षात येणारी खूणही गेली. कोणत्याही ऑपरेशनआधी झोपतपासणीचा कागद हवा.

आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दोन गोष्टी लेखी कळवाव्यात, ही विनंती. 'झोप लागत नाही' म्हणणाऱ्या घोरणाऱ्याला अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी देऊ नये. स्नायू आणखी सैल पडतात आणि मेंदूची जी जाग त्याला वाचवते तीच उशिरा येते. आणि कोविडात आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजन देणारी यंत्रे) यावर उपाय म्हणून घरी देऊ नयेत. ऑक्सिजनने घसा उघडत नाही. अडथळे तसेच राहतात, फक्त ऑक्सिमीटरवर दिसेनासे होतात, आणि स्थूल रुग्णात कार्बन डायऑक्साइड साचायची भीती असते. दान म्हणून किंवा स्वस्तात आलेले जुने मशीनही तपासल्याशिवाय देऊ नका. आतला फोम झिजून कण श्वासात जातात म्हणून २०२१ साली एका मोठ्या कंपनीने लाखो मशीन परत मागवली होती.

लहान मुलांचे थोडक्यात. आठवड्यात तीनपेक्षा जास्त रात्री घोरणारे, तोंड उघडे टाकून झोपणारे, अंथरूण ओले करणारे, वर्गात चुळबुळ करणारे पोर आरबीएसकेच्या, म्हणजे शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी करणाऱ्या, पथकाने कान-नाक-घशाकडे पाठवावे. मुलांत एएचआय १ च्या वर गेला तरी ते नॉर्मल नाही, आणि कारण बहुतेकदा टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड असते, ज्याचे ऑपरेशन हाच पहिला उपचार.

वाहनचालकांचा विषय परिवहन खात्याचा वाटतो, पण परवान्याच्या नमुना १-अ वर सही डॉक्टरची लागते. त्यात नजर, लाल-हिरवा ओळखणे, रातांधळेपणा, ऐकू येणे हे विचारतात, घोरण्याचे नाही. जालना आणि संभाजीनगरमधून समृद्धी महामार्ग जातो, गळिताच्या हंगामात बीड, लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. उपचार न घेतलेल्या श्वासरोधाच्या चालकाला अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त असतो. पण नोकरी जाईल या भीतीने चालक प्रश्नांना 'नाही' हेच उत्तर देणार, हे गृहीत धरा. म्हणून चालकांच्या शिबिरात विचारण्यापेक्षा मोजा : गळा, वजन-उंची, बीपी. आणि सापडलेल्या चालकाला कामावरून काढणार नाही, उपचार चालू करून मशीनवरचे तास बघून परत गाडीवर घेणार, हे कारखाना आणि आगाराकडून आधी कबूल करून घ्या. त्याशिवाय शिबिराला कोणी येणार नाही. चालकांना एवढे जरूर सांगा की खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखू मळणे याने पेंग जात नाही. गाडी बाजूला घेऊन चहा प्यायचा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळा लावायचा, याने थोडा वेळ निभावते.

खर्चाचे म्हणाल तर टेप आहेच, प्रश्नांना पैसे लागत नाहीत. रेकॉर्डर प्रत्येक तालुक्याला दोन आणि घरच्या झोपतपासणीची यंत्रे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला निदान दोन लागतील. पूर्ण तपासणीसाठी घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी आठवड्याचा एक ठरलेला वार बांधून घ्यावा लागेल. सीपॅप मशीन सामान्य माणसाला जड जाते. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात दहा-वीस मशीन उसनवारीवर ठेवावीत. महिनाभर वापरून आकडे दाखवणाऱ्यालाच स्वतःचे मशीन घ्यायला सांगावे किंवा मदत मिळवून द्यावी. न वापरणाऱ्याचे परत घेऊन नवा मास्क, नवी नळी, नवा फिल्टर घालून पुढच्याला द्यावे.

तालुक्याच्या मासिक बैठकीत आम्हाला एक तास द्या. टेप कुठे लावायचा, मास्कचे पट्टे कसे बांधायचे आणि रिपोर्टमधली कोणती ओळ आधी वाचायची, हे आम्ही विनामूल्य दाखवू. रेकॉर्डर, तीन मापांचे मास्क आणि एक मशीन आम्ही आणू. बैठकीच्या खोलीत चालू असलेले एक सॉकेट आणि आडवे व्हायला एक बाक तेवढा असू द्या.

आपले,
मराठवाड्यात छातीविकार, कान-नाक-घसा आणि झोपतपासणीचे काम करणारे डॉक्टर व तंत्रज्ञ